बराबरीचा गडी

पूर्णेत नागनाथ खिल्लाऱ्यांपुढं कुणी सैल बोलायला धजत नसे. 'औंदा लय थंडी हाय' असं कुणी सहज म्हणालं, तरी हा गृहस्थ चष्मा वर सारून विचारणार, "कशापरीस?" समोरचा गांगरायचा. थंडी म्हणजे थंडी, तिला कशापरीस काय असतं? पण नागनाथांचं म्हणणं असं, की कशापरीस ते सांगता येत नसेल तर 'लय' म्हणू नये. त्यांची बायको कुसुमबाई वैतागून म्हणायच्या, "ह्यांच्यासंगं भांडायचं म्हणलं तर आदी माप आणावं लागतंय."

खोड जुनी होती. पूर्णेपासून कोसभरावरच्या खेड्यात त्यांचं बालपण गेलं. संध्याकाळी पोरं गावाबाहेरच्या पडीक रानात चिंध्यांचा चेंडू घेऊन जमायची. गडी वाटून घ्यायची रीत तुम्हाआम्हाला ठाऊक आहेच. दोन म्होरके उभे राहायचे आणि बाकीच्यांनी जोड्या पाडायच्या. तोडीस तोड असलेले दोघं गळ्यात हात टाकून बाजूला जायचे, कानात नावं ठरवायचे, एक वाघ, एक हत्ती, आणि परत येऊन म्होरक्याला विचारायचे, वाघ पाहिजे का हत्ती. म्होरक्यानं काय मागावं ते त्याच्या नशिबावर. कोण भारी नि कोण हलका याचा निवाडा जोडी पडतानाच झालेला असायचा, त्यामुळं भांडण नाही, तंटा नाही.

पण या रीतीत एक मेख होती. जोडी व्हायला कुणीतरी तुमच्या गळ्यात हात टाकावा लागतो. नागनाथांच्या वस्तीतली बाकीची पोरं ढोरांमागं असायची, आणि गावातली पोरं महारवाड्याकडच्या पोराच्या खांद्याला हात लावायची नाहीत. पळायला हा कुणाला ऐकत नव्हता, तरी रोज एकटा उरायचा. मग म्होरक्या म्हणायचा, "नाग्या, तू गोल मोज." आणि नाग्या बाभळीखाली बसून दुसऱ्यांचे गोल मोजायचा. मोजायची सवय तिथून लागली. सलही तिथलाच, तो काही गेला नाही.

पुढं ते शिकले. औरंगाबादेला जाऊन संख्याशास्त्रात पदवी घेतली आणि परभणीच्या शेतकी फार्मवर लागले. रोज पॅसेंजरनं जायचं, पॅसेंजरनं यायचं. फार्मवर कापसाच्या वाणांचे प्रयोग चालत. आता गंमत बघा, बी एक, खत एक, पेरणीचा दिवस एक, तरी एका वाफ्यात बोंडं जास्त लागतात आणि शेजारच्यात कमी. जमिनीचा पोत, पाण्याची ओल, एखादा किडा, आणि बाकी नशीब. म्हणून नवा वाण सरस आहे असं म्हणायच्या आधी एक काढावं लागे: दोन्ही वाण अगदी सारखे असते तरी नशिबानं किती फरक पडला असता? दिसणारा फरक त्याच्या पलीकडं गेला तर बोलायचं, अलीकडं राहिला तर गप बसायचं. नागनाथांचा या एका विचारावर देवापेक्षा जास्त भरवसा होता.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, नामांतराच्या दंगलीत, त्यांचं गावाकडचं घर जाळलं गेलं. त्यावर ते बोलत नसत. आईला घेऊन आले आणि पूर्णेच्या भीमनगरात खोली केली, एवढंच लोकांना माहीत.

पूर्णा म्हणजे जंक्शन, आणि त्या काळात तिथल्या पोरांना फुटबॉलचं याड. दर थंडीत रेल्वे लाइनीलगतच्या मैदानावर सहा टीमांची लीग चालायची. रेल्वे कॉलनीच्या दोन, बाजाराची एक, स्टेशनाकडची एक, मोंढ्याची एक आणि भीमनगरची एक. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, जिंकला त्याला दोन गुण. हॉटेलाच्या भिंतीवर खडूनं गुण लिहिले जायचे आणि सारं गाव चहा पिताना ते वाचायचं. सत्त्याऐंशीच्या सुमाराला भीमनगर सलग तिसऱ्यांदा पहिलं आलं. बाकीचे बरेच मागं राहिले.

भीमनगरचा कप्तान होता सिताराम. हा कुसुमबाईंचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हापासून बहिणीच्या घरी वाढला. बिचारीनं पोटच्या पोरासारखा केला त्याला. शाळेत डोकं चाललं नाही, पण पायात चेंडू आला की नजर ठरायची नाही. त्या साली रेल्वेत खेळाडूंची भरती निघाली, ट्रायल सिकंदराबादला. नुसतं जाऊन भागत नव्हतं. 'सलग तीन साल चॅम्पियन टीमचा कप्तान' असं लीगच्या कमिटीचं शिफारसपत्र पाहिजे होतं, आणि भरतीचं वय त्याच साली संपत होतं. पक्की नोकरी, कॉलनीत खोली. कुसुमबाईंनी त्या पत्रासाठी मनातल्या मनात सगळे उपास करून टाकले.

कमिटीचे अध्यक्ष दिनकरराव. मोंढ्यात त्यांची धान्याची अडत, पंचक्रोशीत शब्दाला वजन. माणूस वाईट नव्हे, पण स्वतःचा शब्द शेवटचा असायची सवय झालेला. त्यांनी एका रविवारी नागनाथांना मैदानावर गाठलं. नागनाथही कमिटीत होते, भीमनगरतर्फे.

"खिल्लारे, तुमची टीम लय भारी झाली."

"कशापरीस?"

"सगळ्यांपरीस. लीग एकतर्फी झाली. लोक बगायला येईना झालेत. आमचा इचार असा हाय, का तुमचे चार चांगले गडी बाकीच्या टीमांत वाटून टाकावं. येत्या बैठकीत फैसला करू." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी मान हालवा, मी तिथंच सितारामच्या पत्रावर सही करतो. चॅम्पियनच हाय ना पोरगा. दोघांचं बी भलं."

नागनाथ तडक घरी आले आणि कुसुमबाईंना सांगितलं.

"मंग हालवा की मान," त्या म्हणाल्या. "टीम मोडली तर पुना बांधता यील. नोकरी गेली तर न्हाई येत."

"टीम खरंच भारी हाय का, ते आदी बगू दे."

"तीन साल पयली आली. आता आजून काय बगायचं?"

पण गडी ऐकतोय कशाला. त्यांनी सहा वाट्या मांडल्या, एकेका टीमच्या नावाची एकेक. शेजारच्या पोरींकडून घासलेले चिंचोके आणले, पण ते सारखे एकाच अंगावर पडत होते, म्हणून परत देऊन टाकले आणि चार आण्याचं नाणं काढलं. कुसुमबाईंनी नाणं उडवायचं, काटा पडला तर ही टीम जिंकली, छाप पडला तर ती. जिंकणाऱ्याच्या वाटीत दोन डाळे. म्हणजे सगळ्या टीमा अगदी सारख्या, कुणी भारी नाही, कुणी हलकी नाही, सगळा कारभार नशिबाचा. एक लीग संपली की वाट्या रिकाम्या करून दुसरी. कुसुमबाई बडबडत होत्या, पण उडवत होत्या. मधूनमधून डाळे तोंडात टाकत होत्या, त्यावरून एकदा तंटाही झाला.

थोड्या वेळानं त्यांचाच हात थांबला. "आवो, हितं बी कुणीतरी पुडं जायलंयच की. ही बाजाराची वाटी बगा, गच्च भरली. नाणं तर तेच हाय."

"तेच तर सांगायलो. सगळे सारखे आसले तरी कुणीतरी पयलं येतंच. पयलं आलं म्हणून भारी आसतंच आसं न्हाई. किती पुडं गेलं ते बगायचं."

नाण्याच्या लीगमध्ये पहिला नंबर बहुतेक चौदाच्या आसपास थांबायचा. भीमनगरचे भिंतीवर सोळा होते, आणि शेवटच्या टीमचे अगदीच थोडे. वर-खाली सगळी लीगच जरा जास्त ताणलेली. फरक नशिबाच्या किंचित पलीकडं जात होता. आणि इथंच नागनाथांना ते आठवलं, जे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणीच मनावर घेतलं नव्हतं.

लीग थंडीत, आणि नामांतराचे मोर्चेही थंडीतच. त्या दिवसांत हवा तापायची, आणि घरोघरी आया पोरांना बजावायच्या, वस्तीच्या टीमशी खेळायला जाऊ नका, धक्का लागायचा आणि गाव पेटायचं. मग समोरची टीम मैदानावर यायचीच नाही. वॉकओव्हर. भीमनगरची पोरं बूट घालून उभी राहायची, पंच घड्याळ बघून शिट्टी मारायचा, दोन गुण भीमनगरला. त्या वर्षी असे चार सामने. आदली दोन वर्षंही तेच. नागनाथांनी ते सगळे काढून टाकले आणि फक्त खेळलेले सामने धरून हिशोब मांडला. ताण उतरला. तिन्ही वर्षं लीग नाण्याच्या लीगसारखीच निघाली. भीमनगर भारी नव्हतं. कुणीच भारी नव्हतं.

कुसुमबाईंना समजायला वेळ लागला नाही. "म्हंजी टीम मोडायचं कारन न्हाई."

"न्हाई."

"आनि चॅम्पियन बी न्हाई." त्यांच्या हातातलं नाणं तसंच राहिलं. "मंग माज्या भावाचं काय वो?"

नागनाथ वाट्यांतले डाळे गोळा करायला लागले. सिताराम दारात उभा राहून ऐकत होता. तो चांगला खवळला. "दाजी, तीन साल रगत आटवलं आमी. लोक आमाला खाली वढायलेत, तर तुमी बी त्येंच्यासंगं लागलाव? भारी हावोत आमी. येकदा तरी कुणीतरी म्हणायलंय, तर तुमाला ते बी बगवंना." असं म्हणून जो बाहेर पडला, तो दाजींशी बोलेनासाच झाला. जेवायला बसायचा, ताटात बघून उठायचा. त्या दिवसांत घरात भांड्याला भांडं लागलं तरी दचकायला व्हायचं. नागनाथ फार्मवर आकडे मांडायला बसले की चुकायचे, आणि हे त्यांच्या उभ्या नोकरीत पहिल्यांदा घडत होतं.

बैठकीच्या दिवशी कमिटीच्या खोलीत बसायला जागा नव्हती. खिडक्यांना भीमनगरची पोरं लटकलेली, दारात मोंढ्याची. सिताराम मागच्या भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा. आदल्या आठवड्यातच मोर्चा झाला होता, त्यामुळं दोन्हीकडची पोरं एकमेकांकडं न बघता उभी होती. टेबलावर शिफारसपत्र तयार, वर दिनकररावांचं पेन ठेवलेलं. दिनकररावांनी चार गडी वाटायची तजवीज सांगितली आणि म्हणाले, "खिल्लारे, बोला."

नागनाथ उठले. त्यांनी नाण्याच्या लीगची गोष्ट सांगितली, वाट्या आणि डाळ्यांसकट. काहीजण हसले. मग वॉकओव्हर काढून आलेला हिशोब सांगितला, तेव्हा हसणं थांबलं.

दिनकररावांनी विचारलं, "म्हंजी तुमची टीम भारी न्हाई, आसं म्हणायलाव?"

आता इथं गप बसता आलं असतं. पेन टेबलावर होतं. नागनाथांनी मागच्या भिंतीकडं बघितलं, मेव्हण्याची मान खाली होती.

"न्हाई. तुमच्या बराबरीची हाय."

खरं सांगायचं तर 'भारी' हा शब्द लोकांनी पचवला असता. वस्तीची पोरं दांडगी, त्यांना खेळाशिवाय दुसरं काय येतंय, असं म्हणून विषय संपवता येत होता. पण 'बराबरीची' हे ऐकून दारातल्या मोंढ्याच्या पोरांचे चेहरे बदलले. "कुणाच्या बराबरीची रे?" दारातून एकजण गुरकावला. खिडकीतून कुणीतरी तसंच उत्तर दिलं. दोन बाकडी सरकली.

"बसा खाली," दिनकरराव म्हणाले. उठलेले खाली बसले. "खिल्लारे, तुमी काय मागायलाव?"

"गडी वाटू नका. जे सामने झालेच न्हाईत, ते खेळा. तुमी मैदानात आला न्हाईत म्हणून आमी भारी दिसायलोत. लीग वाकडी झाली ती आमच्या खेळण्यानं न्हाई, तुमच्या न येन्यानं."

"आनि धक्का लागला तर?"

"फुटबॉलात धक्का लागतोच, दिनकरराव."

म्हाताऱ्यानं मिशीवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "ठीक हाय. येक सामना लावू. मोंढा आनि भीमनगर, येत्या रईवारी. धड पार पडला तर बाकीचे." आणि पत्र पुढं ओढलं. "पर मंग ह्याचं काय? तुमीच म्हणायलाव चॅम्पियन न्हाई. ह्या कागदावर मी सही कशी करू?"

"करू नका," नागनाथ म्हणाले. आणि पटकन खाली बसले. मागं बघायची त्यांची छाती झाली नाही. सिताराम केव्हा निघून गेला तेही कळलं नाही.

ते पत्र त्या साली गेलं नाही, आणि वय संपलं. सिताराम पुढं सेलूच्या एका कापूस जिनिंगमध्ये लागला, सीझनपुरता. रेल्वे त्याच्या हाताशी येऊन गेली ती गेलीच. कुसुमबाईंनी त्याबद्दल नवऱ्याला बोल लावला नाही, पण बरेच दिवस त्या नाणं दिसलं की तोंड फिरवायच्या.

त्या रविवारी मैदानावर गर्दी लोटली. दोन शिपाई काठ्या घेऊन आले. भीमनगरची पोरं बूट घालून उभी, सिताराम मधोमध, आणि समोरची अर्धी बाजू रिकामी. वेळ झाली. पंचानं घड्याळ बघितलं, मग पुन्हा बघितलं. वॉकओव्हर द्यायची वेळ जवळ येत चालली. नागनाथ सारखे मोंढ्याच्या रस्त्याकडं बघत होते. पोरं आली नाहीत तर आपण कशासाठी घरातला घास घालवला? एवढ्यात मोंढ्याच्या रस्त्यानं धूळ दिसली. मोंढ्याचा कप्तान मुंजाजी, दिनकररावांचा पुतण्या, पुढं होता, आणि मागून टीम येत होती. एकाची आई त्याला परत बोलावत मैदानापर्यंत आली होती. तो तिला म्हणाला, "तू हितंच बस, बग मला," आणि ती खरंच बसली.

खेळ सुरू झाला आणि कुणी ओरडेना. हजारभर माणूस आणि चेंडूचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग जे व्हायचं ते झालंच. एका चेंडूवर सिताराम आणि मुंजाजी दोघं धावले, खांद्याला खांदा आदळला आणि दोघंही मातीत. गर्दी दोन्हीकडून उभी राहिली. कुणीतरी दगड उचलला. शिपायानं काठी आडवी धरली. नागनाथांच्या डोळ्यांपुढं गावाकडचं जळकं घर आलं, आणि त्यांना वाटलं, झालं, हे आपण केलं.

मुंजाजी उठला. तोंडातली माती थुंकला, पंचाकडं बघून म्हणाला, "कार्नर हाय आमचा."

"कामून? तुज्याच पायाला लागून गेला," सिताराम म्हणाला.

पंचानं कॉर्नर दिला. दोघं एकमेकांवर चिडत आपापल्या जागी गेले, आणि लोकांच्या लक्षात आलं, की हे भांडण चेंडूचं आहे. दगडवाल्यानं दगड खाली टाकला. मग मात्र मैदान असं काही बोलायला लागलं की तीन वर्षांची कसर निघाली. मोंढ्यानं दोन गोल केले, भीमनगरनं एक. दुसरा गोल मुंजाजीचा. भीमनगर हरलं.

सिताराम एकटाच बाजूला बसून बुटाचे बंद सोडत होता. पत्र गेलं, आणि आता सामनाही गेला. नागनाथांना त्याच्याकडं जावंसं वाटत होतं, पण कोणत्या तोंडानं जाणार?

उजेड अजून बाकी होता, आणि पोरांना घरी जावंसं वाटत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, आता सगळे मिसळून खेळू, जोड्या पाडू. हे ऐकलं मात्र, नागनाथ सवयीनं मागं सरले. मैदानाच्या कडेला लिंब होता, तिकडं चालायला लागले.

मुंजाजी मैदान ओलांडून सितारामपाशी आला. उभा राहिला. सितारामनं वर बघितलं नाही. मुंजाजी खाली वाकला आणि त्यानं सितारामच्या गळ्यात हात टाकला. "ऊठ. माज्या जोडीला हितं दुसरं कोण हाय?"

सिताराम बंद सोडत होता ते त्यानं परत बांधले. उठला. दोघं तसेच, गळ्यात हात घालून, बाजूला गेले आणि डोकी जुळवून कुजबुजायला लागले.

"खिल्लारे, तिकडं कुठं निगालाव?" दिनकररावांनी हाक मारली. ते धोतर सावरत मैदानाच्या मध्यावर उभे होते, एक म्होरक्या म्हणून.

"गोल मोजायला."

"मोजील की कुणी बी. हिकडं या. दुसरा म्होरक्या न्हाई."

नागनाथ आले. दिनकररावांच्या समोर उभे राहिले. पहिली जोडी त्यांच्याच पुढं आली. मुंजाजीनं विचारलं, "वाघ पायजे का हत्ती?"

सगळं आयुष्य हा खेळ त्यांनी लांबून बघितला होता. काय मागावं ते सुचेना. आकडेमोडीचा इथं काही उपयोग नव्हता, दोन्हीकडं सारखंच होतं.

"हत्ती," ते म्हणाले.

हत्ती मुंजाजी निघाला. तो हसत येऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला. वाघ दिनकररावांकडं निघाला, आणि जाता जाता नागनाथांपाशी थबकला.

"दाजी," सिताराम म्हणाला, "आता तुमच्यावर गोल मारतो बगा."

त्या बैठकीच्या आधीपासून दाजींपुढं मिटलेलं त्याचं तोंड पहिल्यांदा उघडलं होतं. नागनाथांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला, आणि पुढची जोडी कुठं आहे ते बघू लागले.